फितुरांची जीप

कोल्हारहून जीप निघाली तशी सविताची नजर गोरक्षवरून हलेना.

ग्रामपंचायतीच्या नऊ सदस्यांतले जीपमधले हे सात, सविता धरून, फुटले होते. उपसरपंच अंगदवर त्यांनी अविश्वास ठराव आणला होता. मतदानाआधी कुणी फोडू नये म्हणून चार दिवस कोल्हारच्या एका मळ्यात मुक्काम, मोबाईल सगळ्यांचे दिलावर मास्तरांच्या पिशवीत. आता थेट पाथर्डीजवळच्या आपल्या गावी, मतदानाला.

गावच्या विहिरीवर मोटार टाकून त्या मेल्या अंगदनं आपली डाळिंबं जगवली होती. गावाला दहाव्या दिवशी पाणी. त्या दिवशी सविताची लेक संस्कृती शाळा बुडवून हंडे वाहायची. पोरीचे खांदे बघून सविताचा जीव तुटायचा. आज ठराव पडला तर पुढंही हेच.

"पारावर आपला फलक लागलाय," गोरक्ष म्हणाला. "फितूर लिवलंय."

दिलावर मास्तर हसले. शाळा सुटली तरी शिकवायची खोड गेली नव्हती. "मूळचा अरबी शब्द. अर्थ काय, तर मरगळ, ढिलेपणा. आपल्याकडं आला आन् दगाबाज झाला."

"आन् बंडखोर?"

"त्यातला खोर फारसी. खोर म्हंजी खानारा."

"चार दिवस मळ्यात बसून खातोयच की," कुणीतरी म्हणालं. जीप हसली. सविता नाही.

"फलकाचं तुला कुनी सांगितलं?" तिनं गोरक्षला विचारलं. "मोबाईल तर पिशवीत हाय."

"आलं कानावर," गोरक्ष म्हणाला.

कालच तिनं मळेवाल्याच्या फोनवरून संस्कृतीला विचारलं होतं, जेवलीस का. अंगदकाका येऊन गेले, घरी एकटीच का विचारलं, लई गोड बोलले, एवढंच पोर म्हणाली. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

"सहा मतं लागत्यात," मास्तर म्हणाले. "आपन सात. एक जास्तीचंच हाय."

गावात उतरताना सवितानं गोरक्षला बाजूला घेतलं. हात जोडले.

"तू फिरू नगंस रं बाबा. तुझ्यावर लई हाय."

"न्हाई फिरत, वहिनी."

तिला बरं वाटलं.

तहसीलदारांनी चिठ्ठ्या वाटल्या. एकेक जण आडोशाला जाऊन आला. मास्तरांचा चेहरा उतरला होता, पण त्यांना प्रवास सोसत नसे. सविता शेवटी गेली. एक जास्तीचंच हाय, तिनं मनाशी म्हटलं. खूण करून चिठ्ठी चार घड्यांत मिटली आणि डब्यात टाकली.

तहसीलदारांनी नऊ चिठ्ठ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"ठरावाच्या बाजूनं," ते म्हणाले, "एकही मत नाही."