तांदळाच्या डब्यातला अंगठा

तलावात खाणीची माती टाकू द्यायची का, हा आजचा ठराव होता. ग्रामसभेला आम्ही फक्त सहा जण आलो होतो. सचिवांनी मोबाइल वर धरला. "ग्रुपवर एकशे अठ्ठ्याऐंशी अंगठे आले. ठराव मंजूर."

यादीत माझ्या शेजारी बसलेल्या धुरपता मावशीचंही नाव होतं. ती त्याच तलावात मासे धरून जगते.

"मी कायले देऊ अंगठा?" मावशी उसळली. "माहा मोबाइल पाण्यात पडला. आठ दिवसांपासून तांदळाच्या डब्यात हाय!"

"मंग तांदळानंच देल्ला असंल," मागून कोणीतरी हसलं.

मी रसायनशास्त्र शिकले आहे. पाहिल्याशिवाय बोलत नाही. मावशीच्या घरी जाऊन डबा उघडला. मोबाइल बंदच होता, पण भोवतीचे तांदूळ ओले, पिवळे आणि आंबूस झाले होते. काचेवर अंगठ्याचा तेलकट ठसा होता. ओढणीने पुसला, निघेना. तो काचेच्या आतल्या बाजूला होता. वरून बोट लावलं तर तेवढीच काच कोमट लागली. ठशात विळ्याच्या जुन्या जखमेची तिरकी रेघ होती.

"हा तं माहाच होय," मावशी म्हणाली.

मी विरोधाचा अर्ज लिहिला आणि शाईचं पॅड पुढे केलं. मावशीने कागदावर अंगठा दाबला.

नुसता काळा डाग उमटला. त्यात एकही रेघ नव्हती. मी तिचा हात उजेडात धरला. अंगठा उकडून सोललेल्या अंड्यासारखा ओला, गुळगुळीत होता.

"अंजू," ती म्हणाली, "आता मी नाही कायनं म्हणू?"