एकाच कपाटात

मेथी निवडता निवडता इंदुमतीबाईंचा हात थांबला. त्यांनी जुडीकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या हेरंबकडे.

"आपण कोण?"

आजारपणानंतर आईच्या साऱ्या आठवणी क्लाउडवर होत्या. कानामागच्या चिपमधून त्या तिला मिळत राहायच्या. हेरंबने घाईघाईने मोबाइल उघडला. आठवणी साठवणाऱ्या केंद्राचा निरोप आला होता : 'सांगलीची इमारत आगीत जळाली. आपल्या आईच्या आठवणींच्या तिन्ही प्रती तिथेच होत्या.'

महागड्या योजनेत एक प्रत दुसऱ्या राज्यात राहणार होती. आई घराबाहेर जाते कुठे, तीन प्रती म्हणजे पुष्कळ झाल्या, असं म्हणून त्याने स्वस्तातली घेतली होती.

"आई, मी हेरंब. तुझा मुलगा."

"जवळ येऊ नका!" त्या भिंतीला टेकल्या.

त्याने केंद्राचा नंबर पुन्हा पुन्हा लावला. लागेना. शेवटी त्याने मोबाइल बाजूला ठेवला. "तीन प्रती होत्या हो," तो रडत म्हणाला. "तिन्ही एकाच ठिकाणी होत्या."

'प्रती' म्हटल्याबरोबर इंदुमतीबाई ताठ झाल्या. दस्तनोंदणी कार्यालयातली चौतीस वर्षांची सवय क्लाउडवर कधी गेलीच नव्हती; ती हाडीमाशी खिळली होती.

"तिन्ही प्रती एकाच कपाटात?" परक्याला झापावं तसं त्या म्हणाल्या. "अहो, एवढंही तुम्हाला आईनं शिकवलं नाही?"