ओठ फक्त हलवायचे

"ओठ फक्त हलवायचे," चर्चच्या पाळकांनी बजावलं आणि गाळ्याचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं.

अंजलीचा नुसता संताप झाला. गेल्याच महिन्यात रविवारच्या प्रार्थनेत गाणं सुरू करायचा मान तिला मिळाला होता. वर्गात उत्तर द्यायलाही जी बिचकायची, ती इथं सगळ्यांना गायला लावायची! आणि आता मुकाट उभं राहायचं?

"आवाजच नाही, तर प्रभूची स्तुती कसली, आई?"

आईनं डोळे वटारले आणि बाहेर बोट दाखवलं.

कासारवाडीच्या त्या गल्लीत तीन मोटारसायकली उभ्या होत्या. इंजिनं सुरूच. गाणं बंद पाडायला टपलेल्या पोरांचे शटरखालून नुसते पाय दिसत होते. गाळ्याचे मालक दौलतराव वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांनी कालच सांगितलं होतं, पुन्हा गाण्याचा आवाज आला तर गाळा रिकामा करायचा. आधीच्या दोन जागा अशाच गेल्या होत्या. आता तिसरी कोण देणार होतं?

पाळकांनी हात वर केला. अंजलीनं तोंड उघडलं, आवाज गिळला. पहिलं कडवं रागातच गेलं. मग तिची नजर शेजारी वळली. कस्तुरामावशींचे ओठ सावकाश हलत होते, गालांवरून पाणी वाहत होतं. चाकणच्या कंपनीतून रात्रपाळी करून थेट आलेला समाधानदादा मान मागे टाकून असा उभा होता, जणू वर छप्पर नाहीच. आजवर गाताना अंजलीला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू आला होता. राग कधी उतरला, तिलाच कळलं नाही. तिनं डोळे मिटले आणि जीव ओतून गाऊ लागली. आवाज न करता.

शटर धाडकन वर गेलं. दारात दौलतराव, चेहरा पांढराफटक. मागं ती पोरं.

"काय ठरलं व्हतं आपलं, पाळकसाहेब? वर माझ्या देवघरापर्यंत गाणं येतंय!"

पाळक चाचरले. कुणी हूं की चूं केलं नव्हतं. "दौलतराव, आम्ही तर..."

"गात व्हता का न्हाई, येवढंच सांगा."

एक 'नाही' म्हटलं की जागा वाचत होती. आणि कुणी त्याला खोटंही म्हटलं नसतं.

अंजली पुढे झाली.

"हो काका," ती म्हणाली, "गात होतो."