दात पडल्याचं स्वप्न

आत्याच्या भाचेसुनेला पहाटे स्वप्न पडलं, की तिचा दात गळून पडला. बाईसाहेब तडक स्वप्नांचे अर्थ सांगणाऱ्या बुवांकडे पळाल्या. बुवांनी डोळे मिटून सांगितलं, "ज्याला स्वप्न पडतं त्याला धोका नसतो. पण घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस महिन्याभरात जाणार."

वडीलधारी म्हणजे आत्या. कालपर्यंत ती मागच्या खोलीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी पडून असायची आणि घोटभर चहासाठी चार हाका मारायची. आता तिचा पलंग पुढच्या हवेशीर खोलीत आला, भिंतींना रंगही लागला. भेटायला माणसं येणार, ती काय म्हणतील! ज्या भाच्याला तिच्याकडे बघायला सवड नव्हती, तो पाय चेपायला बसू लागला. हे प्रेम कुठून उतू चाललंय ते आत्याला पक्कं ठाऊक होतं. दात गेले तरी तिचे कान शाबूत होते. ती मुकाट्याने गरम गरम खात राहिली आणि चांगली गुटगुटीत झाली.

महिना उलटला. म्हातारी मरेना म्हणून सुनेचं तोंड वाकडं झालं आणि पलंग पुन्हा मागे हलवायची भाषा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहाला बसले, तेव्हा आत्याने कवळी नीट बसवली आणि म्हणाली,

"सूनबाई, रात्री मलाही स्वप्न पडलं गं. बत्तीसच्या बत्तीस दात पडले! मला तर काही धोका नाही. माझ्याखालोखाल घरात वडीलधारं कोण, ते तेवढं बुवांना विचारून ये."