शरबतीची पिशवी

वरवंडजवळच्या स्टड फार्मवरची शरबती घोडी तीन वर्षं गाभण राहत नव्हती. तिच्या पिशवीला सूज होती. शिंगरू असल्यापासून तिला सांभाळणाऱ्या बन्यामीनला तिचे हाल बघवेनात.

“सायेब, पिशवीच काढून टाका. सुजेवर दुसरा इलाज कुठं हाय?”

डॉक्टर हातमोजे चढवता चढवता हसले. “मामा, नुसत्या सुजेसाठी कुणी पिशवी काढतं का? तिच्याच चरबीतून काढलेल्या स्टेम सेल आज आत सोडू. थोडा वेळ लागेल, पण उतरेल सूज.”

बन्यामीनचा जीव भांड्यात पडला.



मागं बादली धरून उभ्या असलेल्या प्रिन्सीनं, त्याच्या सव्वीस वर्षांच्या सुनेनं, हळूच विचारलं, “आबा, मग माझी कशापायी काढू दिली?”