गोदाबाईची फुंकर

विडी सोडणाऱ्याला दरमहा पैसे द्यायचे, असा तो प्रयोग होता आणि त्याचे निकाल खरे की खोटे हे डॉ. मृणाल खांडबहालेने तपासायचं होतं. फोनवर फुंकर मारली की विडी ओढली का ते कळायचं. गावातले एकसष्टच्या एकसष्ट जण स्वच्छ!

"असं कुठं होतं का?" म्हणत तिने श्वासांचे ठसे जुळवले आणि टाळीच वाजवली. बोटांसारखाच श्वासाचाही ठसा असतो, आणि हे सगळे ठसे एकाच माणसाचे होते.

"सापडले लबाड!" ती ओरडली. तेवढ्यात त्याच ठशात तिला बारीक लाल रेघ दिसली. फुप्फुसात गाठ होती, अगदी कोवळी.

तिने तडक गाव गाठलं. ठसा विड्या वळणाऱ्या गोदाबाईचा निघाला. ती ओशाळली. "मी ओढत नाही ना ताई, म्हणून फुंकून देते सगळ्यांना."

गाठ वेळेत निघाली. प्रयोग बंद पडला, पैसेही थांबले. तरी महिन्याभराने मृणालच्या यंत्रावर न मागता फुंकरा येऊ लागल्या. तिने ठसे उघडले.

एकसष्ट श्वास, एकसष्ट निरनिराळ्या माणसांचे. आणि एकातही विडी नव्हती.