कुठले पवार?

जबड्याची रुंदी. भुवयांमधलं अंतर. पोस्टकोड. आजोबांचं गाव. सोन्याच्या पाटल्या.

लीड्समधल्या एका दुकानात दारावरच्या कॅमेऱ्यानं कुशलचा चेहरा चोराचा ठरवला आणि सिक्युरिटीवाल्यानं त्याला मागच्या खोलीत बसवून ठेवलं.

संध्याकाळी त्याची आई अजून धुमसत होती. सुप्रभा युनिव्हर्सिटीत मानसशास्त्र शिकवते. होणाऱ्या सुनेच्या हातात आजेसासूबाईंच्या पाटल्या घालून बघता बघता तिचं लेक्चर चालू होतं.

"अगं तेजल, पूर्वी कवट्या मोजायचे, आता सॉफ्टवेअर चेहरे मोजतं. ॲब्सोल्यूट रबिश! गुन्हा काय रक्तात असतो? ह्या ब्रिटिशांनी तर आपल्याकडे कायदा करून अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या होत्या!"

"हो ना काकू. त्यात आमचीही होती."

"तुमची? तुम्ही पवार ना, साताऱ्याचे?"

"नाही, नगरकडचे. आम्ही पारधी."

कुशलनं आईकडे पाहिलं.

"अगं, छानच की! आपण कुठे असलं काही मानतो?" सुप्रभा हसली आणि तिनं तेजलचा हात हलकेच पुढे ओढला. "पाटल्या मात्र काढून दे हं आता. पॉलिश करायच्या राहिल्यात. चारही दे."



दुपारी त्या मागच्या खोलीतून कुशलला सोडवून आणलं ते तेजलनं. ती वकील आहे.